कपाटातल्या आठ डिस्क

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. मी कळव्यात राहतो, वय ५१. २००३ पासून लग्न, मुंज, साखरपुड्याचं व्हिडिओ शूटिंग करतो. आता ऑर्डरी कमी झाल्यात. घरच्या कपाटात आठ हार्ड डिस्क आहेत, मिळून २२ टीबी. त्यात सत्तरेक लग्नांचं मूळ फुटेज आहे, बाकी जागा रिकामी. भाचा ऐरोलीत आयटीत आहे. तो म्हणाला, मामा, ही रिकामी जागा नेटवर भाड्याने देता येते, क्रिप्टोत पैसे येतात, बसल्या जागी कमाई. त्यानेच एका ग्रुपमध्ये जोडून दिलं. तिथे सांगतात की ४५,००० रुपयांचं 'नोड लायसन्स' घेतलं की रोज ९०० रुपयांचे टोकन मिळतात, आणखी दोघांना आणलं तर वर बोनस. मी ५,००० रुपये बुकिंग म्हणून यूपीआयने भरलेत. उरलेले ४०,००० मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या एफडीतून काढू का? ग्रुपमधला माणूस म्हणतो, जुनं फुटेज पुसलंत तर पूर्ण २२ टीबी देता येईल. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर :

दादा, एफडी मोडू नका आणि एकही डिस्क पुसू नका. एवढं आधी पक्कं करा, मग पुढचं निवांत वाचा.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. भाच्याने सांगितलं ते खरं आहे. घरातली रिकामी जागा भाड्याने घेणारी नेटवर्क जगात आहेत आणि ती पैसे देतात. ग्रुपमध्ये तुम्हाला जे विकतायत त्याचा मात्र त्या गोष्टीशी काही संबंध नाही. खऱ्याच्या आडून खोटं विकलं जातंय, म्हणून तुमच्यासारख्या धंद्यात मुरलेल्या माणसालाही ते पटलं. भाच्यावर रागावू नका. त्याने अर्धी गोष्ट बरोबर सांगितली.

खरी गोष्ट कशी चालते ते आधी सांगते. मी एकोणीस वर्षं महापे आणि ऐरोलीतल्या डेटा सेंटरांमध्ये स्टोरेजचं काम केलंय, आणि २०२१ मध्ये नेरूळच्या घरी असा एक नोड, म्हणजे नेटवर्कला जागा देणारा संगणक, स्वतः चालवलाय. त्यामुळे हे ऐकीव नाही.

घरगुती डिस्कसाठी त्यातल्या त्यात सरळ व्यवहार स्टॉर्ज नावाच्या नेटवर्कचा. कुठल्या तरी कंपनीला आपला डेटा ठेवायचा असतो. तो आधी कुलूपबंद होतो, म्हणजे एन्क्रिप्ट होतो, मग त्याचे तुकडे होतात. मूळ रचनेत एका भागाचे ८० तुकडे, आणि त्यातले कुठलेही २९ परत मिळाले की मूळ वस्तू पुन्हा उभी राहते. हे तुकडे जगभरच्या घरांमधल्या डिस्कवर विखरून ठेवतात. तुमच्या डिस्कवर कुणाच्या तरी फायलीचा न वाचता येणारा तुकडा पडून राहतो आणि त्याचं भाडं तुम्हाला स्टॉर्जच्याच टोकनमध्ये, म्हणजे त्यांच्या क्रिप्टो नाण्यात, मिळतं.

२०२३ च्या अखेरीपासूनचा दर असा : १ टीबी महिनाभर साठवली तर दीड डॉलर, आणि ग्राहकाने डेटा परत उतरवून घेतला तर त्या टीबीमागे २ डॉलर. हा दुसरा दर पूर्वी २० डॉलर होता. तो टप्प्याटप्प्याने २ वर आणला. जागा आपली असली तरी भाडं ठरवणारे ते, हे लक्षात ठेवा.

हिशेबासाठी डॉलर ८५ रुपये धरू. म्हणजे पूर्ण भरलेल्या १ टीबीचे महिन्याला १२७ रुपये ५० पैसे. आता ग्रुपवाल्यांचा आकडा घ्या. रोजचे ९०० म्हणजे महिन्याचे २७,०००. खऱ्या नेटवर्कच्या दराने तेवढे मिळवायला २१२ टीबी काठोकाठ भरलेली लागेल. तुमच्याकडे सगळी मिळून २२ आहे, आणि त्यातही रिकामी किती, ते अजून तुम्हीही नीट मोजलेलं नाही. हा एक भागाकार त्या माणसासमोर ठेवा आणि तो काय उत्तर देतो ते बघा.

शिवाय खऱ्या नेटवर्कमध्ये नोड लावायला कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही. सॉफ्टवेअर फुकट असतं. उलट ते लोक स्वतःच सांगतात की यासाठी नवीन यंत्र विकत घेऊ नका, घरात चालू असलेलंच वापरा. काही नेटवर्क अनामत मागतात, ते खरं. फाइलकॉइन नावाच्या दुसऱ्या नेटवर्कमध्ये जागा देणाऱ्याला टोकन गहाण ठेवावे लागतात आणि सेवा चुकली की त्यातून कापून घेतात. पण तिथे डेटा सील करायला, म्हणजे साठवण्याआधी पक्का बंद करायलाच, १२८ जीबी आणि त्याहून जास्त रॅमची यंत्रं लागतात. तो घरच्या कपाटाचा खेळच नाही. आणि कुठेही, कुणीही, दोन माणसं आणली म्हणून साठवणुकीचं भाडं वाढवून देत नाही. डिस्कमधली जागा ओळखीपाळखीने वाढत नाही ना!

माणसं जोडा, रोज ठरलेली रक्कम घ्या, हा साचा जुना आहे. एचपीझेड टोकन नावाच्या ॲपने बिटकॉइन मायनिंगची, म्हणजे नवी बिटकॉइन मिळवणारी, यंत्रं भाड्याने देतो असं सांगत ५७,००० रुपयांवर तीन महिने रोज ४,००० रुपये कबूल केले होते. ते प्रकरण ईडीपर्यंत गेलं. आणि दागिन्यांच्या दुकानाआडून गुंतवणुकीची योजना चालवणाऱ्या टोरेसचं तर तुम्हाला सांगायलाच नको. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या दुकानासमोर लोक उभे होते, नवी मुंबईतलेही होते, भाजीवाले होते, निवृत्त मास्तर होते. सुरुवातीचे आठवडे पैसे मिळाले म्हणूनच त्यांनी अजून भरले होते. तुमच्या ग्रुपमध्येही कुणी पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट टाकत असेल. ते खरे असले तरी त्याने काही सिद्ध होत नाही.

म्हणून पहिलं काम ५,००० रुपयांचं. १९३० या हेल्पलाइनला आजच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही कळवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ज्या आयडीवर पैसे गेले तो, ग्रुपमधले मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच ग्रुप सोडा, कारण बाहेर पडल्यावर तिथलं पुन्हा दिसेलच असं नाही. त्यांनी एखादं ॲप मोबाइलमध्ये टाकायला लावलं असेल तर ते काढा आणि यूपीआय पिन बदला. पैसे परत येतील अशी खात्री मी देत नाही. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. काही दिवसांनी कुणी फोन करून 'अडकलेले पैसे सोडवून देतो, प्रोसेसिंग फी भरा' म्हणेल. तोही त्यांच्यातलाच समजा.

आता ग्रुप बाजूला ठेवू आणि खऱ्या नेटवर्ककडे वळू. तिथे तुमचं भागेल का?

समजा नीट मोजल्यावर ४ टीबीच्या दोन डिस्क खरोखर रिकाम्या निघाल्या. ८ टीबी. काठोकाठ भरल्या तर महिन्याला १२ डॉलर, हजारेक रुपये. वाचायला बरं वाटतं. पण त्या भरत नाहीत, निदान वेळेत नाही. नवीन नोडला आधी पारखून घेतात, तोवर डेटा थेंबाथेंबाने येतो. नंतरही ग्राहक डेटा टाकतात आणि पुसतात, त्यामुळे भरण्याचा वेग मंद. शिवाय पहिल्या तीन महिन्यांच्या कमाईतले ७५ टक्के रोखून ठेवतात, पुढच्या तीन महिन्यांत ५० टक्के, त्यापुढच्या तीनमध्ये २५. रोखलेल्यातली अर्धी रक्कम पंधरा महिन्यांनंतर आणि उरलेली तुम्ही रीतसर बाहेर पडाल तेव्हा. समजा सुरुवातीच्या एखाद्या महिन्यात सरासरी अर्धा टीबी भरला. कमाई पाऊण डॉलर, हातात त्याचा चौथा भाग, म्हणजे १६ रुपये.

आठही डिस्क लावू म्हणालात तर तेही चालत नाही. एकाच घरच्या इंटरनेटवर किती का डिस्क असेनात, डेटा वाटताना नेटवर्क त्यांना एकच ठिकाण धरतं. तसं धरणंच योग्य आहे, कारण एका फायलीचे तुकडे एकाच घरात पडले आणि तिथली वीज गेली तर सगळेच एकदम गेले. आणि तुमच्या डिस्कमधल्या काही खिशात मावणाऱ्या, यूएसबीवर चालणाऱ्या असतील. शूटिंगवाल्यांकडे त्याच जास्त असतात. त्या दिवसरात्र फिरायला बनवलेल्या नसतात. त्यांतल्या पुष्कळांमध्ये एसएमआर पद्धतीने लिहितात, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या पट्ट्या. सतत लिहा-पुसा करायला लागलं की त्या दमतात.

विजेचा हिशेब याहून सोपा. तुमचा जुना एडिटिंगचा पीसी नुसता चालू राहायला ९० वॅट घेत असेल, तर महिन्याचे ६५ युनिट. सगळं धरून युनिटला १० रुपये पकडले तरी ६५० रुपये. कळव्यात टोरंटचं बिल येतं, ते काढून बघा : १००, ३०० आणि ५०० युनिटला दराचे टप्पे बदलतात. हे ६५ युनिट तुम्हाला वरच्या टप्प्यात ढकलत असतील तर तेवढे युनिट १० हूनही महाग पडतील. हातात १६ रुपये, खर्च ६५०. छोटा १५ वॅटचा संगणक आणि एक डिस्क असेल तर ११ युनिट, शंभर-सव्वाशे रुपयांत भागतं. पण तो छोटा संगणक विकत आणावा लागणार.

मग इंटरनेट. आपल्याकडच्या 'अनलिमिटेड' प्लॅनना बहुधा महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, ती पुरेल. अडचण निराळी आहे. बरेच केबलवाले इंटरनेटवरच्या एकाच सार्वजनिक पत्त्यावर (आयपी) अनेक घरं चालवतात. बाहेरून कुणाला थेट तुमच्या घरापर्यंत पोचायचं असेल तर स्वतंत्र पत्ता लागतो, आणि त्याचं मासिक भाडं वेगळं. ते बहुधा तुमची सगळी कमाई खाईल. घरगुती कनेक्शनवर असा व्यवसाय चालतो का, हे कराराच्या बारीक अक्षरात वाचा. शिवाय बाहेरच्यांना आत येता यावं म्हणून राउटरमध्ये दार (पोर्ट) उघडावं लागतं. म्हणजे ज्या संगणकावर बँकेचं काम करता किंवा ज्यावर फुटेज आहे, तो यासाठी चालणार नाही.

माझा नोड अकरा महिने चालला. जूनच्या एका रात्री वीज तीनचारदा आली-गेली, इन्व्हर्टर नव्हता, आणि सकाळी डिस्कवरची फाइल सिस्टिम बिघडलेली होती. तुमच्याकडे ठेवलेले तुकडे खरंच आहेत का, हे नेटवर्क अधूनमधून तपासतं. माझा नोड त्या तपासणीत नापास झाला आणि बाद झाला. रोखून ठेवलेली रक्कमही गेली. नियम आधीच लिहिलेले होते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण त्या दिवशी मला एक लख्ख कळलं. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना रबाळे-महापेकडे त्या बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतात ना, तिथे मी रोज हेच काम करत होते. दोन बाजूंनी येणारी वीज, मागे जनरेटरच्या रांगा, तापमान आणि दमटपणा मोजणारे सेन्सर, डिस्क बिघडली की तासाभरात बदलणारा माणूस. नेटवर्कची अपेक्षा अशी की महिन्याला फार तर पाचेक तास बंद. महिनाभरातला हजेरीचा अंक ६० टक्क्यांखाली गेला की निलंबन. कळव्याच्या खाडीकाठच्या पावसाळ्यात, एका बेडरूमच्या कोपऱ्यात हे सांभाळायचं म्हणजे ती बिनश्रमाची कमाई नव्हे, ती रात्रपाळी आहे.

टोकनच्या भावाविषयी दोनच उदाहरणं देते. फाइलकॉइन एप्रिल २०२१ मध्ये २०० डॉलरच्या वर होता, २०२२ संपताना ५ डॉलरच्या खाली. चिया हे नाणं नुसत्या रिकाम्या डिस्कवर चालायचं. मे २०२१ मध्ये ते हजार डॉलरच्या वर गेलं तेव्हा लोकांनी ढिगाने डिस्क घेतल्या, आशियात डिस्कचे भाव वाढले, आणि पुढच्याच वर्षी ते नाणं ५० डॉलरच्याही खाली आलं. डिस्क तेवढ्या राहिल्या.

कराचंही बघा. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस आहे. तोटा कशातूनही वळता करता येत नाही. मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरता येणार नाही, असं सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितलंय. वीज आणि डिस्क वजा करायची आशा सोडा. रिटर्नमध्ये यासाठी वेगळं परिशिष्ट भरावं लागतं. शंभर-दोनशे रुपयांसाठी सीएची फी वाढवून घेऊ नका.

जाता जाता एक सांगते, कारण तुम्ही अशा गोष्टी शोधायला लागलात की हे समोर येणारच. जागेऐवजी 'तुमचं इंटरनेट भाड्याने द्या' म्हणणारी ॲप असतात. ती घेऊ नका. त्यांत परक्या माणसाची इंटरनेटवरची सगळी ये-जा तुमच्या घरच्या आयपी पत्त्यावरून होते. त्याने कुणाला फसवलं तर तपासात पत्ता निघतो तुमचा आणि पोलीस येतात तुमच्या दारात. साठवणुकीच्या नेटवर्कमध्ये निदान तेवढा धोका नाही.

आता मला ज्या गोष्टीची खरी काळजी वाटली ती. तुम्ही लिहिलंत, 'सत्तरेक लग्नांचं मूळ फुटेज, बाकी जागा रिकामी.' त्या लग्नांची दुसरी प्रत कुठे आहे? पत्रावरून वाटतं, नाही. आमच्या कामात एकच प्रत म्हणजे प्रतच नाही असं धरायचे. रोज फिरणारी डिस्क मरते आणि वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवलेलीही मरते. दमट हवेने, अडकलेल्या मोटरने. सत्तर घरांनी विश्वासाने तुमच्याकडे ठेवलेली गोष्ट आहे ती. त्यांतल्या किती घरांमध्ये नवरीच्या बाजूला बसलेली आजी आज नसेल, कन्यादान करणारे वडील नसतील. ते पुसून तिथे परक्याच्या फायलीचे तुकडे ठेवायला सांगणाऱ्या माणसाला तुमच्या धंद्यातलं काही कळत नाही.

म्हणजे तुमची रिकामी जागा आधीच कुणाची तरी आहे. ती दुसऱ्या प्रतीची आहे. आणि भाडं घ्यायचंच असेल तर तिथूनच घ्या, रुपयांत.

सत्तर घरांची नावं, लग्नाची तारीख, मोबाइल नंबर अशी वही करा. एकेकाला फोन लावा : 'तुमच्या लग्नाचं मूळ शूटिंग माझ्याकडे अजून आहे. एडिट केलेल्यात नव्हतं तेही आहे. पूर्ण हवं असेल तर डिस्क घेऊन या, कॉपी करून देतो, ८०० रुपये. नाहीतर वर्षाला ६०० द्या, मी दोन वेगळ्या ठिकाणी सांभाळतो.' आकडे मी सुचवतेय, कळव्या-खारेगावात काय चालेल ते तुम्हाला जास्त ठाऊक. सत्तरपैकी पंचवीस घरांनी सांभाळायला हो म्हटलं तरी वर्षाचे १५,००० होतात. ८ टीबी काठोकाठ भरून वर्षभर चालवली असती तर वीज वजा करायच्या आधी बारा हजार. आणि फोन केल्यावर काय होतं ते तुम्हीच सांगा : आता त्यांच्या मुलांच्या मुंजी असतील, धाकट्या बहिणीचं लग्न असेल. जुनं फुटेज जपून ठेवणारा माणूस पुन्हा आठवतो. ज्यांना काहीच नको असेल त्यांच्याकडून मेसेजवर तसं लिहून घ्या, मग ती जागा मोकळी करा.

तुम्ही २००३ पासून या धंद्यात आहात, म्हणजे मिनी डीव्हीच्या कॅसेट वाचणारा कॅमेरा किंवा डेक अजून कुठे तरी असेल. तो विकू नका, दुरुस्त करून घ्या. ठाण्यात किती घरांत माळ्यावर कॅसेट पडून आहेत आणि त्या लावायला यंत्रच नाही! बुरशी धरायच्या आत त्या उतरवून द्यायला माणूस हवाय. भाच्याला तिथे कामाला लावा. त्याला संगणक येतो, तुम्हाला कॅसेट. त्याचा हुरूप चांगला आहे, तो वाया जाऊ देऊ नका.

एवढं सगळं करून एखादी ४ टीबीची डिस्क उरली आणि भाच्याला शिकण्यासाठी नोड चालवायचाच असेल तर मी अडवणार नाही. मीही शिकण्यासाठीच चालवला होता. त्याच्याकडे पडून असलेला एखादा छोटा संगणक, इन्व्हर्टरवर जोडलेला, नवीन खरेदी शून्य. वॉलेटचे, म्हणजे टोकनच्या डिजिटल पाकिटाचे, किल्लीसारखे बारा शब्द कागदावर लिहून घरात ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून नाही. आणि एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवर, टोकन साठवत बसू नका. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या अशाच एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, तेव्हा ग्राहकांचे पैसे अडकून पडले होते.

आता वहिनींचं. तुम्ही लिहिलंय की त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. त्या नाहीच म्हणतील असं वाटलं असणार. दादा, ज्या गोष्टीला घरातलं माणूस नाही म्हणेल असं आधीच वाटतं, ती गोष्ट लपवून केली की पाच हजारांचं नुकसान पुढे चाळीस हजारांवर जातं, कारण मग ते भरून काढायची घाई होते. तक्रार नोंदवायला बसाल तेव्हा त्यांना शेजारी बसवा. फी त्यांच्याही मुलीची आहे. रागावतील थोडा वेळ. मग वही करायला त्याच बसतील, कारण कुठल्या लग्नात कोण कोणाचं होतं हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त आठवत असणार.

आणि डिस्कवर तारखा लिहिलेल्या असतील तर सगळ्यात जुनी आधी काढा. केबल जोडा, चालू होताना टकटक आवाज येतोय का ते कान देऊन ऐका. आला तर लगेच बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या दुकानात न्या, स्वतः काही करू नका. नाही आला तर आज रात्रीच रिकाम्या डिस्कवर तिची कॉपी लावा. २ टीबी असेल तर पहाटेपर्यंत होईल.